शेवटचा सामना झाला, आता जर्सी परत करायची आहे

सहा_नंबर
नमस्कार मंडळी. वर्षभर इथं नुसता वाचत होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी कोल्हापूरचा. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तीन वर्षं कॉलेजच्या फुटबॉल संघात स्टॉपर बॅक (गोलीच्या पुढचा, मधला बचावपटू) खेळलो. गेल्या गुरुवारी सांगलीत आंतरविभागीय फायनल झाली. पूर्ण वेळ ०-०, टायब्रेकरवर ४-३ नं हरलो. आमची पाचवी किक बारवर आदळून वर गेली. ज्यानं मारली तो गेली तीन वर्षं माझ्याच गाडीवरनं प्रॅक्टिसला यायचा, म्हणून नाव घेत नाही. त्याला लेफ्टी म्हणू.

परत येताना ट्रॅव्हलरमध्ये अंकलीचा पूल ओलांडेपर्यंत कोणी शब्द काढला नाही. सर पुढच्या सीटवर, खिडकीबाहेर तोंड करून. जयसिंगपूर आलं तसा मागून आमचा गोली म्हणाला, "भडंग घ्यायचं राहिलं की रं." यात हसण्यासारखं काही नाही, मला माहीत आहे. पण सोळातली पंधरा पोरं अशी हसली की ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली. मग भडंग घेतलं. लेफ्टी एकटाच हसत नव्हता, त्याच्या मांडीवर आम्ही कागद पसरला आणि तिथंच खाल्लं.

आता प्रश्न. सरांचा ग्रुपवर मेसेज आलाय: "सर्वांनी किट धुऊन सोमवारपर्यंत स्टोअरला जमा करावे, अन्यथा नो ड्यूज मिळणार नाही." माझी जर्सी मरून रंगाची, सहा नंबर, नंबराचा खालचा गोल निम्मा उडालाय. डाव्या काखेत फाटली होती ती आईनं लाल दोऱ्यानं शिवली, कारण मरून दोरा घरात नव्हता. ही परत करू का ठेवून घेऊ?

आणि दुसरं. पुढच्या महिन्यात शाहू स्टेडियमवर तालमींचा, म्हणजे पेठापेठांच्या फुटबॉल संघांचा, सीझन चालू होतोय. लेफ्टी आमच्या विरुद्ध पेठेचा. म्हणजे त्याला मीच मार्क करणार. गुरुवारपासून ग्रुपवर सरांच्या त्या मेसेजशिवाय एक अक्षर नाही. तुमच्या टीमचं पुढं काय झालं होतं?

चहाबाज
परत करू नकोस. हरवली म्हणून सांग, दंड भर, विषय संपला.

नियमावली
चहाबाज, हा सल्ला चुकीचा आहे. जर्सी जिमखाना फीमधून घेतलेली असते आणि ती फी न खेळणारी मुलंही भरतात. पुढच्या वर्षीचा सहा नंबर काय बनियनवर खेळणार? 'हरवली' म्हणून घरी ठेवणे याला एक साधा मराठी शब्द आहे.

चहाबाज
आहे ना. 'आठवण'.

भरीत_भाकरी
हसून हसून पुरेवाट. बाकी जयसिंगपूरला भडंग घेतलंत म्हणजे सांगलीत घ्यायचं विसरलात. त्या दिवशीची खरी हार ती.

निवृत्त_गोली
तुमचा धागा वाचून जुने दिवस आठवले, म्हणून जरा लांबण लावतो.

मी मुंबईचा. १९७५ ते ७८ कॉलेजकडून गोलकीपर. तेव्हा पावसाळ्यात हारवूड लीग आणि पाऊस सरला की रोव्हर्स कप, दोन्हीची पंढरी म्हणजे कूपरेजचं मैदान. कॉलेजचे सामने होतील तिथे, बहुतेक वेळा चिखलात. चामड्याचा चेंडू पाणी प्यायला की कलिंगडासारखा जड व्हायचा. तो छातीशी धरला की रात्री झोपताना कूस बदलता यायची नाही. आमच्या जर्स्या जाड सुती, लांब बाह्यांच्या. भिजल्या की गुडघ्यापर्यंत लोंबायच्या. त्या परत करताना कोणाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, उलट सुटलो म्हणालो.

टीमचं पुढे काय झालं? नोकरीनं नेली. त्या काळी फुटबॉलवर नोकरी मिळे. महिंद्रा, मफतलाल, ओर्के मिल्स, टाटा, रेल्वे, बँका, सगळ्यांचे संघ. आमच्यातले तिघे असे लागले. एकाला रेल्वेनं घेतलं, तो पुढे गार्ड झाला आणि माझ्या लग्नाला गणवेशात आला, कारण ड्यूटीवरून थेट उतरला होता. दोघं गिरणीत गेले. मला कोणी घेतलं नाही, मी एल.आय.सी.ची परीक्षा दिली.

गोलकीपरला मित्र कमी असतात असं म्हणतात. खोटं आहे. गोल खाल्ला की पाठीशी कोणी नसतं हे खरं, पण माझा स्टॉपर बॅक दर गोलनंतर जाळ्यातून चेंडू स्वतः काढून आणायचा. मला वाकू द्यायचा नाही. दोन वर्षांत मी जाळ्यातला चेंडू एकदाही उचलला नाही. सहा नंबर, तुम्ही स्टॉपर आहात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

(भारताचे जुने गोलकीपर ब्रह्मानंद शंखवाळकर, त्यांना २०२२ ला पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या उरलेल्या सहा जणांच्या ग्रुपवर मीच पद्मश्री झाल्यासारखी अभिनंदनं आली होती. गोली लोकांचं असं असतं.)

सहा_नंबर
काका, दंडवत. जाळ्यातला चेंडू मी कधी काढला नाही. गोलीलाच शिव्या घातल्यात. आता वाईट वाटतंय.

पिवळी_शिट्टी
निवृत्त_गोली, सुंदर प्रतिसाद.

आता माझं. २००३ ते २००६, पुण्यात. मुलींचा फुटबॉल संघ काढायचा असं आमच्या मॅडमनी ठरवलं तेव्हा खरं फुटबॉल खेळलेली मी एकटी, तीही वाड्यात भावांबरोबर. बाकी भरती अशी: हँडबॉलच्या तिघी, खो-खोच्या चौघी, एक भालाफेकवाली, दोन एन.सी.सी.मधल्या आणि दोघी मैत्रिणीसोबत नुसत्या बघायला आलेल्या. तेरा झाल्या. हँडबॉलवालीला गोलात उभं केलं, ती चेंडू पकडायची आणि सवयीनं तीन पावलं टाकून फेकायची.

जर्सी हा प्रश्न आम्हाला पडलाच नाही, कारण आमच्या अशा नव्हत्याच. मुलांच्या संघाच्या जुन्या मिळायच्या. माझी माझ्या मांडीपर्यंत यायची. खो-खोवाल्या पोरी त्या कमरेला गाठ मारून घालायच्या, रेफरी म्हणायचे खोचा, मग खोचायच्या. दोन जर्स्यांवर एकच नंबर आला की आम्ही कापडावर मार्करनं दुसरा नंबर काढून सेफ्टी पिनांनी लावायचो. शेवटच्या वर्षी मी असाच लावलेला चार नंबर घालून खेळले.

पहिला सामना ९-० हरलो. शेवटचा १-१. त्या १-१ नंतर आम्ही ग्राउंडवर असा धिंगाणा घातला की समोरचा संघ चक्रावला, बरोबरीमुळे पुढे तेच जाणार होते, आम्ही नाही!

जर्सी परत केली. सेफ्टी पिना माझ्या होत्या, त्या ठेवल्या. एक अजून शिवणाच्या डब्यात आहे. गंजलीये.

भरीत_भाकरी
भालाफेकवाली कुठे खेळायची? थ्रो-इनला?

पिवळी_शिट्टी
हसू नका, खरंच थ्रो-इन तिच्याचकडे होता. कॉर्नरपेक्षा आम्हाला तोच बरा पडायचा.

अ‍ॅन_आर्बरचा_पाहुणा
शीर्षकात सामना नि जर्सी वाचून आलो, आतला फुटबॉल पायाचा निघाला. इकडे मिशिगनला 'कॉलेज फुटबॉल' म्हटलं की तो दुसराच, चिलखत घालून खेळायचा. तरी मोसमाच्या शेवटाबद्दल सांगण्यासारखं आहे, म्हणून लिहितो.

इथला मोसम ऑगस्टच्या अखेरीला सुरू होतो आणि साखळी नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी संपते. आमचा शेवटचा सामना ओहायो स्टेटशी. इथलं स्टेडियम १,०७,६०१ माणसांचं. त्या दिवशी बाहेर गोठणाऱ्या थंडीत लोक गाडीची डिकी उघडून शेगड्या पेटवून बसलेले. मला पहिल्या वर्षी वाटलं कुणाचं तरी लग्न आहे.

घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्याला 'सीनिअर डे' करतात. शेवटच्या वर्षाची मुलं एकेक करून आईवडिलांबरोबर मैदानात येतात. मुलगा सव्वाशे किलोचा, खांद्याला ते कवच, आणि शेजारी त्याच्या कोपराएवढी आई. ती मात्र अशी चालते की जणू त्याला पहिलीत सोडायला आलीये. यातली बहुतेक मुलं पुढे व्यावसायिक खेळत नाहीत, शंभरात दोघांचाही नंबर लागत नाही. टीव्हीवर दिसणाऱ्या सगळ्यांचं पुढे सोनं होतं असा आपला समज असतो.

पण मला सगळ्यात आवडतो तो आर्मी-नेव्ही सामना. १८९० पासूनचा. डिसेंबरात, बाकीच्यांची साखळी संपल्यावर. दोन्हीकडे लष्करी अकादमीची मुलं. सामना संपला की दोन्ही संघ आधी हरलेल्यांच्या विद्यार्थ्यांसमोर जाऊन उभे राहतात आणि त्यांचं गीत म्हणतात, मग जिंकलेल्यांसमोर जाऊन त्यांचं. म्हणून तिथे "जिंकायचंय" असं म्हणत नाहीत, "दुसरं गायचंय" म्हणतात. सहा नंबर, तुमचा लेफ्टीविरुद्धचा सामना वाचून हेच आठवलं.

चहाबाज
हातात धरून पळायचं त्याला फुटबॉल म्हणायचं, आणि वर आम्हाला शिकवायचं. ह.घ्या.

अ‍ॅन_आर्बरचा_पाहुणा
घेतली हलकेच. लाथही मारतात हो, अधूनमधून.

बाकावरचा
सगळे फार गोड लिहिताहेत, म्हणून मी जरा कडू लिहितो.

मीही तीन वर्षं कॉलेज संघात होतो. जर्सी नंबर १५. तीन वर्षांत मैदानावर किती मिनिटं असेन? सगळी मिळून एक अर्धा सामना भरणार नाही. प्रॅक्टिसला मात्र रोज पहाटे साडेपाचला. बॉलची जाळी मी उचलायची, पाण्याची कॅन मी, बर्फ मी. "टीम टीम" जे म्हणतात ती अकरा जणांची असते. फोटोत सोळा असतात. मोसम संपल्यावर अकरा जणांनी सिंहगड केला, मला फोटो आल्यावर कळलं.

माझी जर्सी मी परत केली तेव्हा स्टोअरवाला म्हणाला, "ही कोरी कशी?" त्याचा हेतू वाईट नव्हता.

सहा नंबर, तुमच्या ट्रॅव्हलरमधल्या सोळा जणांत बाकावरचे पाच कोण होते, नावं सांगता येतील का?

नियमावली
+१. या बाजूनं कोणी लिहीत नाही.

तिरकी_किक
बाकावरचा, तुमचं दुःख कळतं, पण हा खेळाचा दोष नाही. जो चांगला तो खेळणार. सर्वांना समान संधी हवी तर लगोरी खेळा.

बाकावरचा
खेळवा असं कुठे म्हणालो? सिंहगडाला न्या म्हणालो.

पिवळी_शिट्टी
तिरकी_किक, गप्प बसा.

सहा_नंबर
बाकावरचा, तुमचा प्रतिसाद रात्री वाचला. उत्तर लगेच लिहिता आलं नाही. पाचही जणांची नावं सांगता येतात, टोपणनावंसुद्धा. पण एकाबद्दल लिहितो. आमच्याकडे एक पहिल्या वर्षाचा पोरगा आहे, गारगोटीकडचा, हॉस्टेलला राहतो. अख्ख्या मोसमात खेळला नाही. फायनलला एक्स्ट्रा टाइम नव्हता, थेट टायब्रेकर. सरांनी विचारलं पाचवी कोण मारणार? सगळे खाली बघायला लागले. मीपण. तो पोरगा म्हणाला, "सर, मी मारू का?" तो मैदानात उतरलाच नव्हता, त्यामुळं त्याला नियमानं मारता येणारच नव्हती. सर हसले. मग लेफ्टी उठला.

हे मी कुणाला बोललो नव्हतो. मी पेनल्टी बरी मारतो. प्रॅक्टिसला दहात आठ. मी खाली बघत होतो.

चहाबाज
अरे भावा.

निवृत्त_गोली
सहा नंबर, अकरातले दहा जण खाली बघतातच. मी गोलात उभा राहून बघितलं आहे. लेफ्टीला हे सांगितलंत का?

मु_पो_मडगाव
आमच्या गोव्यात कॉलेजचा मोसम संपला हे कुणाला कळतच नाही, कारण गावचा सुरू झालेला असतो. भात कापून झालं की शेत रिकामं, दोन बांबू उभे केले की मैदान. धेंपो, साळगावकर, चर्चिल यांची नावं तुम्ही पेपरात वाचता, पण खरी चुरस वाड्यावाड्यांत. माझा कॉलेजमधला उजवा हाफ आणि मी, आमचे दोन गाव शेजारी. शनिवारी कॉलेजकडून एकत्र, रविवारी समोरासमोर. त्यानं एकदा माझ्या पायातून चेंडू काढून गोल केला आणि सोमवारी कँटीनमध्ये मलाच सांगत होता की तुझा डावा पाय उशिरा वळतो. तेव्हा राग आला. पण खरंच उशिरा वळायचा. तीन वर्षं एकत्र खेळल्याशिवाय हे कोणाला दिसणार?

तुम्ही लेफ्टीला मार्क करणार म्हणजे तो कुठून वळतो ते तुम्हाला ठाऊक. त्यालाही तुमचं ठाऊक. मजा येईल!

पेठेतला_म्हातारा
कोल्हापूरचा विषय निघालाय म्हणून आलो. बाहेरगावच्या मंडळींसाठी आधी थोडं सांगतो. आमच्याकडं फुटबॉल क्लबचा नसतो, तालमीचा असतो. खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, पाटाकडील, शिवाजी, ही नावं कुस्तीच्या आखाड्यांची नि तरुण मंडळांची वाटतील, पण सामना असला की शाहू स्टेडियमवर उन्हातान्हात हजारो माणूस असतंय. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला आपला अनिकेत जाधव भारताकडून खेळला तेव्हा ज्यांना कळालं त्यांना कळालं. आम्हाला आधीपासून ठाऊक की इथं पोरगं चालायला लागायच्या आधी लाथ मारतंय.

तर कॉलेजची टीम म्हणजे या सगळ्या पेठांची खिचडी. चार महिने एकत्र घाम गाळायचा, डबे खायचे, आणि डिसेंबर आला की ज्यानं त्यानं आपापल्या तालमीचा रंग चढवायचा.

माझी गोष्ट ९६ सालची. कॉलेजात माझा जोडीदार समोरच्या पेठेचा, आम्ही दोघं हाफ. तालमीच्या सामन्यात हेडला दोघं एकदमच उडालो, त्याचं कोपर माझ्या भुवईवर. रक्ताची धार. माझ्या पेठेची पोरं आली धावत, त्याच्या पेठेची पोरं आली धावत, आता काय होतंय ते दिसायच्या आत ह्यानं मला काखेत धरलं नि गेटबाहेर काढलं. त्याची लूना बाहेर होती. ती चालू होईना. मी मागं बसलोय, एका हातानं भुवई दाबून, नि हा विरुद्ध तालमीची जर्सी घालून पायडल मारतोय. दवाखान्यापर्यंत पायडल मारतच नेलं. पाच टाके. डॉक्टरनं विचारलं, मारलं कुणी? मी म्हटलं यानं. आणलं कुणी? यानंच.

सामन्याचं काय झालं म्हणाल तर त्यांची टीम दहा जणांवर खेळून जिंकली. हा सामना सोडून गेला ह्याचं त्याच्या पेठेनं वर्षभर त्याला ऐकवलं.

जर्सीचं म्हणाल तर दे परत. तालमीची तर तुला मिळणारच आहे.

भरीत_भाकरी
"पायडल मारतच नेलं" वाचून चहा कीबोर्डवर सांडला.

तिरकी_किक
काका, लूना पायडलनं ओढत डबल सीट? हे टाक्यांपेक्षा मोठं आहे.

पेठेतला_म्हातारा
उतार होता थोडा.

कुंदा_के
वाचतेय. मला फुटबॉलमधलं काही कळत नाही. पण आईनं लाल दोऱ्यानं शिवली हे वाचून थांबले. माझा मुलगा बास्केटबॉल खेळायचा. मोसम संपल्यावर त्यानं सगळं किट पिशवीत कोंबून दाराशी ठेवलं, मी ते दोन दिवस भिजवून, घासून, इस्त्री करून दिलं. कॉलेजात म्हणे सर म्हणाले, एवढी स्वच्छ जर्सी आजवर कोणी परत केली नाही. मला सांगताना त्याला लाज वाटत होती. सहा नंबर, परत करणार असाल तर आईला विचारून करा, एवढंच.

चहाबाज
एक व्यावहारिक सल्ला राहिला. एम.एस्सी.ला प्रवेश घे. विद्यापीठाकडून पंचविशीपर्यंत खेळता येतं. आमच्याकडे एक जण ग्रंथालयशास्त्र, मग पत्रकारिता, मग कसलासा डिप्लोमा असं करत खेळला. विंगर होता. वाचनालयात पाऊल ठेवलं नाही पण ग्रंथपाल आहे कागदोपत्री.

नियमावली
हे इथे जाहीर लिहायची काय गरज होती?

निवृत्त_गोली
आमच्या वेळीही होते असे. एक तर लॉला इतकी वर्षं होता की शेवटी त्याच्या बरोबरचे वकील झाले आणि त्याचीच केस लढले. अवांतर आहे, सोडा.

मु_पो_मडगाव
केस कसली ते सांगा आता!

निवृत्त_गोली
जागेची. फुटबॉलशी संबंध नाही.

सहा_नंबर
उशीर झाला लिहायला, परीक्षेचे फॉर्म चालू होते. काय झालं ते सांगतो.

रविवारी रात्री ग्रुपवर मी लिहिलं, "उद्या अकराला सगळे किट घेऊन स्टोअरला." बाकावरच्या पाचांना वेगळे फोन केले. (बाकावरचा, तुमच्यामुळं.) लेफ्टीला घ्यायला त्याच्या घरी गेलो. तो नको म्हणत होता, माझी जर्सी तूच टाक म्हणाला. गाडीवर बसल्यावर मी त्याला सांगितलं की त्या दिवशी मी खाली बघत होतो. तो म्हणाला, "मला दिसलं होतं." एवढंच. बिंदू चौकातल्या सिग्नलला पुढं म्हणाला, "तू मारली असतीस तर आत गेली असती." मी म्हटलं बहुतेक. मग तो हसला, पहिल्यांदा.

स्टोअरच्या मामांनी एकेक जर्सी उलटी करून बघितली, रजिस्टरात नंबरासमोर टिक केली. माझी घेतली, काखेतला लाल दोरा बघितला, बोट फिरवलं आणि म्हणाले, "ही पक्की शिवलीया, अजून दोन सीझन जातील." मी आईला आधी विचारलं होतं. आई म्हणाली, "दे की, त्यात काय. दोरा माझा आहे, पोरांना उपयोगी पडू दे."

आणि चहाबाज, गंमत ऐका. सोळातल्या पंधराच जमा झाल्या. गारगोटीवाल्या पोरानं त्याची आणली नव्हती. हरवली म्हणाला. मामांनी त्याच्याकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं, आणि रजिस्टरात काहीतरी लिहिलं. वाकून वाचलं तर "फाटली" लिहिलं होतं. दंड नाही.

नियमावली
मी हे वाचलेलं नाही.

चहाबाज
तो पोरगा माझा आजपासून भाऊ.

बाकावरचा
त्याला पुढच्या वर्षी खेळवा म्हणावं.

सहा_नंबर
पुढच्या वर्षी स्टॉपरची जागा रिकामी आहे. सरांशी बोललोय. उंची कमी पडते पण पळतोय चांगला. सकाळी गांधी मैदानावर त्याला मी आणि लेफ्टी हेडिंग शिकवायचं ठरलंय, तालमीची प्रॅक्टिस सुरू होईपर्यंत.

पिवळी_शिट्टी
आणि सिंहगड?

सहा_नंबर
आमच्याकडं पन्हाळा. येत्या रविवारी, सोळाही जण. सर पण येतो म्हणालेत, गुडघा साथ देईल तिथपर्यंत.

भरीत_भाकरी
भडंग कोण आणतंय?

सहा_नंबर
गोली. सांगलीचं.

पेठेतला_म्हातारा
पन्हाळ्याला जाताना कोणाच्या गाडीवर कोण बसतंय ते बघून ठेव. आणि डिसेंबरात हेडला उडताना कोपर खाली.